स्वेटर कपाटात राहिला

मालेगावात वाढलेल्या माणसाला उन्हाचं काय कौतुक? म्हणून सीनायच्या वाळवंटात जायचं ठरलं तेव्हा बॅगेत दोन टोप्या, गॉगल आणि ओआरएसच्या पुड्या भरल्या. बायकोने काढून ठेवलेला स्वेटर गुपचूप परत कपाटात ठेवला. वाळवंटात स्वेटर! तो शहाणपणा जानेवारीतल्या एका रात्री दीड वाजता अंगाशी आला.

मोशेला दहा आज्ञा मिळाल्या तो सीनाय पर्वत हाच, असं ख्रिस्ती लोक चौथ्या शतकापासून मानत आलेत. (अभ्यासकांचं एकमत नाही, चढणाऱ्याच्या गुडघ्यांना त्याचं काही नसतं.) अरबीत त्याला जबल मुसा म्हणतात. उंची २,२८५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून सहाशे मीटरवर जास्त. गाळणा, मांगी-तुंगी पालथे घातलेला मी 'हे काय मोठं' म्हणत निघालो. उंटांची वाट लांब, पण सोपी. मात्र शेवटच्या ७५० पायऱ्यांपाशी उंट थांबतो, पुढे ज्याचे पाय त्याला. एक पायरी दुसरीसारखी नाही. वाटेत मागून उंट आला की डोंगराच्या अंगाला सरका, दरीच्या नव्हे. वर वाऱ्याने दात वाजायला लागले. तिथल्या बदाऊनी माणसाकडून उंटाचा वास येणारं घोंगडं भाड्याने घेतलं, म्हणून सूर्योदय तरी दिसला. शिखरावर १९३४ साली जुन्या चर्चच्या अवशेषांवर बांधलेलं चॅपेल आहे, जवळच छोटीशी मशीद. मालेगावकराला त्यात नवल नाही.

उतरताना हौसेने साधूंनी रचलेली ३,७५० पायऱ्यांची वाट धरली. तिला प्रायश्चित्ताच्या पायऱ्या म्हणतात. नाव अगदी बरोबर आहे. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी आल्या वाटेनेच परतावं.

पण थंडी आणि गुडघे विसरता येतात. खरा घात पायथ्याशी झाला. तिथे संत कॅथरीनचा मठ, सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात तटबंदी घालून बांधलेला. दार बंद. त्या दिवशी शुक्रवार होता! शुक्रवारी आणि रविवारी मठ पाहुण्यांसाठी बंद असतो, ग्रीक ऑर्थोडॉक्स सणांनाही. एरवीही सकाळचे दोन-तीन तासच उघडा. आमच्या सहल कंपनीच्या छापील कार्यक्रमात 'मठदर्शन' ठळक होतं, वार मात्र कुणी पाहिला नव्हता. मीसुद्धा.

जे जुनं ते सगळं आतच आहे: प्रभूच्या रूपांतराचं मोझेक, सहाव्या शतकातली लाकडी दारं, जळत्या झुडपाची जागा, तीन हजारांवर हस्तलिखितं. चौथ्या शतकातली प्रसिद्ध बायबलची प्रत इथलीच. तिची बहुतेक पानं आता लंडनला. मी ग्रॅनाइटच्या भिंतीवर तळहात टेकवला. गार होती. तेवढीच भेट.

तेव्हा जाणाऱ्यांनी क्रम उलटा लावावा: आदल्या सकाळी मठ, मग रात्री डोंगर. कोणत्या वारी, किती वाजता आत सोडणार, ते सहल कंपनीकडून लेखी घ्या. खांदे-गुडघे झाकणारे कपडे, विजेरी आणि आधी महिनाभर वापरलेले बूट न्या.

आमच्या मंडळीतले नऊ जण पुढच्या महिन्यात निघालेत. गुरुवारची सकाळ मी त्यांना मठासाठी राखून ठेवायला लावली आहे, आणि स्वेटर मोजून घेतलेत. नऊ आहेत.