मंदिरपथगामिनी

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत त्या काळी ग्रीक व रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृती मांडलेल्या असत. मानवी देह कसा घडवावा, हे विद्यार्थ्यांनी त्यांवरून शिकावयाचे. पुण्यात जन्मलेले गणपत काशिनाथ म्हात्रे त्याच शाळेत शिकत होते. १८९६ साली, ऐन तारुण्यात, त्यांनी माणसाएवढ्या उंचीचा एक पुतळा घडविला. ती कोणी ग्रीक देवता नव्हती. पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली ती एक मराठी तरुणी होती.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. ग्रीक मूर्तीचे वस्त्र खांद्यावरून सैल ओघळते. नऊवारी लुगड्याची तऱ्हाच वेगळी! कासोट्यामुळे प्रत्येक पायाची हालचाल निराळी दिसते. पदर आणि निऱ्या देहाबरोबर वळतात. वस्त्राआडचा देह मनात स्पष्ट उभा राहिल्यावाचून त्यांची एक चुणीही खरी उतरावयाची नाही. म्हात्रे यांनी देहरचनेचा अभ्यास परक्या मूर्तींवरून केला खरा, पण तिला चाल दिली ती आपल्या घरांतील स्त्रियांची.

अशा पुतळ्याची आधी मातीची मूर्ती करतात, तिच्यावरून साचा घेतात आणि मग साच्यात प्लास्टर ओततात. मातीत राहिलेली चूक प्लास्टरमध्येही तशीच उतरते.

पुतळ्यास बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक मिळाले. तिकडे बंगालात रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याचे छायाचित्र पाहिले आणि या अनोळखी मराठी तरुणाच्या कृतीवर बंगालीत लेख लिहिला.