कागद आपला, पाणी सगळ्यांचं

भाचरांनो, तुम्ही नोकरीपायी नाशिक-पुण्याला पांगलात. गावची जमीन, विहीर, बांध, गायरान यांच्याशी तुमचा संबंध आता सुट्टीपुरता उरला. आजोबांच्या नावावरची जमीन आपोआप आपल्या नावावर येईल, असं तुम्ही धरून चालता. तसं होत नसतं. पंचायतीत सदस्य होते तेव्हा माझ्यापुढे जी भांडणं आली, त्यांत लोभापेक्षा आळसाचा वाटा मोठा होता. वेळेवर एक अर्ज दिला असता, चार ओळी लिहून ठेवल्या असत्या, तर सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या चढले नसते. म्हणून हे सांगते, नीट ऐका.

सातबारा नुसता काढू नका, वाचा

गाव नमुना सातवर जमीन कुणाची आणि तिच्यावर कुणाचे हक्क ते असतं, बारावर पीकपाणी. आठ-अ म्हणजे तुमच्या खात्यावर गावात एकूण किती जमीन आहे ते. आणि सातबाऱ्यावरचं प्रत्येक नाव कुठल्या तरी फेरफाराने, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीने आलेलं असतं, त्याचा नंबर तिथेच दिलेला असतो. तो फेरफार काढून वाचा, म्हणजे जमिनीचा सगळा इतिहास कळतो. डिजिटल सहीचा उतारा आता घरबसल्या मिळतो, तेव्हा तालुक्याला जायला वेळ नाही ही सबब राहिलेली नाही.

‘इतर अधिकार’ हा रकाना सगळ्यात आधी बघा. सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, सगळं तिथे असतं. जुन्या उताऱ्यांवर नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसेल. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं नाव घराच्या वतीने लागलेलं असतं, जमीन त्याच्या एकट्याची नसते. ती तीन अक्षरं पुढच्या एखाद्या फेरफारात गळून पडली, की धाकट्यांच्या मुलांना आपला हक्क सिद्ध करत बसावं लागतं. तसंच ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल सज्ञान होऊन त्याला नातवंडं झाली तरी तो शेरा तसाच राहतो आणि ऐन विक्रीच्या वेळी आडवा येतो. अठरा पूर्ण झाली की अर्ज देऊन तो काढून घ्या.

एक लक्षात ठेवा. सातबारा महसुलाचा कागद आहे. विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत तो खरा धरतात, पण मालकीचा शेवटचा शब्द तो नाही. खरेदीखत, वाटणीपत्र, कोर्टाचा हुकूम हे मूळ कागद जपून ठेवा.

माणूस गेला की तीन महिन्यांत वारसनोंद

जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते आणि प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. मग नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी ती मंजूर करतात. नोटीस घरी आली की न वाचता सही करू नका. पटत नसेल तर मुदतीत लेखी हरकत घ्या. तोंडी कुरकुरीची दप्तरात नोंद होत नाही.

दोन पिढ्या वारस लावले नाहीत, की उताऱ्यावर वारलेल्यांची नावं आणि शेतात राबणारा भलताच. मग पीककर्ज अडतं, विमा अडतो. रस्त्यासाठी भूसंपादन झालं तर मोबदल्याची रक्कम वाद मिटेपर्यंत हाती येत नाही.

लेकीचं नाव गाळू नका, आईचंही नाही

१९९४ साली महाराष्ट्राने लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून मुलासारखा वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या लेकी वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू उत्तराधिकार कायद्यातच दुरुस्ती झाली आणि लग्नाचा तो भेद गेला. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, यावर बरीच वर्षं घोळ चालला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तो मिटवला: तशी अट नाही, हक्क जन्माचा आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदवलेली किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटणी मात्र मोडत नाही.

आणि आई. मृत्युपत्र न करता तरुण मुलगा गेला, तर त्याच्या वाट्याला त्याच्या बायकोमुलांबरोबर त्याची आईही तितकीच वारस असते. वारसांच्या यादीत सून-नातवंडं लिहितात आणि म्हातारीला विसरतात. तुम्ही विसरू नका.

हक्कसोड दुःखाच्या दिवसांत नको

आपल्याकडे दहावं-तेरावं उरकलं की बहिणी घरात आहेत तोवर वाटा सोडल्याच्या सह्या उरकून घ्यायची रीत पडली आहे. ‘माहेर तुटू नये’ या एका वाक्यावर कितीतरी बायकांनी सही केली. पोरींनो, सोडायचं असेल तर खुशाल सोडा, तुमचा हक्क आहे. पण आधी आपला वाटा किती, ते गट नंबरासह समजून घ्या, महिनाभर विचार करा, आणि मगच दुय्यम निबंधकाकडे जा. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. साध्या कागदावरच्या किंवा स्टॅम्पवरच्या नुसत्या सहीने हक्क सुटत नाही. आणि पोरांनो, बहिणीने वाटा मागितला म्हणून तिच्या राखीचा मान कमी करू नका. ती तुमचं काही घेत नाही, स्वतःचं घेते आहे.

तोंडी वाटणी कागदावर आणा

‘बांधावर दगड रोवले, झालं’ हे ज्यांनी दगड रोवले त्यांच्यापुरतं चालतं. मुलांना दगड आठवत नाहीत. सगळे सहधारक राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज देता येतो. भूमी अभिलेखाकडून मोजणी करून हद्दी कायम करून घ्या. मोजणीच्या दिवशी शेजारच्या गटवाल्यालाही बोलवा, त्याच्यादेखत खुणा होऊ द्या.

मृत्युपत्र करायचं तर साध्या कागदावरही होतं, दोन साक्षीदार लागतात. ज्याला वाटा मिळणार त्याला साक्षीदार करू नका. आणि जेवढं आपलं, तेवढंच देता येतं. भावाबहिणींचा वाटा आपल्या मृत्युपत्रात ओढता येत नाही.

विहीर आणि वाट यांचे नियम लिहून ठेवा

जमीन वाटता येते, विहीर वाटता येत नाही. म्हणून वाटणीपत्रात विहिरीचा हिस्सा लिहा आणि इतर अधिकारात त्याची नोंद करा. पाळी किती तासांची, रात्रीची वीज आली तर पाळी कशी फिरवायची, मोटर जळाली तर खर्च कुणाचा, गाळ कुणी आणि कधी काढायचा, मीटर एकाच्या नावावर असेल तर बिल कसं फोडायचं, हे सगळं लिहा. शेताची वाट तशीच. कुणी वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ‘बोलू, समजावू’ म्हणत हंगाम दोन हंगाम काढलेत, की ती सोपी वाट बंद होते. बोला जरूर, पण अर्ज देऊन बोला.

फड कसा चालला ते ध्यानात ठेवा

आपल्या धुळे-नाशिकच्या भागात पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे घालून फड पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठमोठे फड पाडलेले. एका फडात त्या वर्षी एकच पीक. पाणी कमी दिसलं तर एखादा फड सगळ्यांनी मिळून पड ठेवायचा. शेतकऱ्यांची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली, त्यामुळे टंचाईची झळ एकट्यादुकट्याला बसत नसे. पाणी पाटकरी द्यायचा, शेतकऱ्याने स्वतः पाणी वळवून घ्यायचं नाही. राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि हंगामाआधी पाट साफ करायला सगळ्यांचे हात. सामाईक गोष्ट टिकते ती अशी: नियम सगळ्यांना ठाऊक, माणूस नेमलेला, आणि तोटाही वाटून घ्यायची तयारी. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली, तिथे पाणी जमिनीच्या एकरांवर न देता घरातल्या माणशी दिलं, भूमिहीनालाही दिलं आणि ऊस नको म्हणून ठरवलं. न्याय आधी ठरवला, पाट नंतर काढला.

ग्रामसभेला बसा

गायरान, तळं, पाझर तलाव ही गावाची मिळकत, आणि तिचे विश्वस्त तुम्ही आहात. पंजाबातल्या एका गावच्या तळ्यावर घरं उठली, तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०११ साली, जगपाल सिंग खटल्यात, न्यायालयाने सगळ्या राज्यांना गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याच्या योजना करायला सांगितलं. पण निकाल येऊन गायरान आपोआप मोकळं होत नाही. गावाने ठराव करावा लागतो.

वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायच्या असतात. गणपूर्ती पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण, यांतली जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे तुम्ही घरी बसलात, तर मूठभर लोकांनी केलेला ठराव तुमच्या गावाचा ठराव होतो. पोरींनो, ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, ती मागून घ्या. पाण्याचं खरं दुखणं तिथेच निघतं. ठरावाचं इतिवृत्त त्याच बैठकीत वाचून घ्या, मगच सही करा. गाव एकत्र बसलं की काय साधतं ते बघा: गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तिथे बहुमताने निर्णय घेत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चर्चा चालते. वेळ लागतो, पण ठरलेलं मोडायला कुणी उरत नाही.

या दिवाळीत सगळे गावी याल, तेव्हा फराळानंतर एक दुपार या कामाला द्या. प्रत्येक गटाचा उतारा समोर ठेवा, गेलेल्यांची नावं शोधा, राहिलेले वारस लिहा, विहिरीचे नियम सगळ्यांच्या, लेकीसुनांच्याही, सह्यांनी कागदावर आणा. आणि दिवाळीनंतर पहिली जी ग्रामसभा होईल, तिला तुमच्यातलं कुणीतरी हजर असलंच पाहिजे. जमीन आपल्याआधी होती आणि आपल्यानंतरही राहणार आहे. आपल्या हाती आहे तेवढ्या काळात तिचा हिशोब चोख ठेवणं, हेच आपलं तिच्याशी असलेलं खरं नातं.