पेशीवाचून प्रथिन

न्हावरे परिसरातील मुलांना ऊस, मळी आणि आंबवण या गोष्टी नव्याने सांगाव्या लागत नाहीत. यीस्ट जिवंत असेल तरच साखर आंबते, अशी एकोणिसाव्या शतकातील अनेक विद्वानांची दृढ समजूत होती. १८९७ मध्ये एदुआर्ट बुखनर यांनी यीस्ट वाळूत खलून त्याचा रस काढला. तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली, तर बुडबुडे येऊ लागले! पेशी फुटल्या होत्या, त्यांचे काम मात्र चालूच होते. आम्ही इतिहासाचे शिक्षक असल्याने आजच्या एका तंत्राची कथा तेथून सुरू करतो.

१९६१ मध्ये निरेनबर्ग व मथाई यांनी ई. कोलाय जीवाणूंच्या अशाच रसात कृत्रिम आरएनए घातला आणि परीक्षानळीत प्रथिनाची साखळी तयार झाली. जनुकीय संकेत उलगडण्यास येथूनच आरंभ झाला. त्याबद्दलच्या १९६८ च्या नोबेल पारितोषिकात पंजाबातील रायपूर खेड्यातील हरगोविंद खुराना हेही मानकरी होते. सुमारे शंभर वस्तीच्या त्या गावात साक्षर असे त्यांचेच एक घर होते.

हिवतापाच्या परजीवीत पाच हजारांहून अधिक जनुके असतात. जिवंत जीवाणूंकडून एकेक प्रथिन करवून घेऊन ते शुद्ध करणे फार जिकिरीचे ठरते. त्याऐवजी प्रत्येक नळीत एक जनुक आणि जीवाणूंचा रस घालतात. काही तासांत प्रथिन तयार होते. यंत्र त्याचे सूक्ष्म ठिपके काचपट्टीवर उमटवते. त्यांवर रुग्णाचा रक्तद्रव सोडला की त्यातील प्रतिपिंडे ओळखीच्या प्रथिनालाच चिकटतात. मग रंगद्रव्य जोडलेल्या दुसऱ्या प्रतिपिंडाने तो ठिपका उजळतो.

येथे एक मोठी अडचण येते. ई. कोलाय आपल्या सर्वांच्या आतड्यांत असतात, त्यामुळे त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडेही आपल्या रक्तात असतात. म्हणून रक्तद्रवात आधीच जीवाणूंचा रस मिसळून ती गुंतवून ठेवतात, आणि जनुक न घातलेल्या रसाचे ठिपके तुलनेसाठी ठेवतात. आमच्या मते या तंत्राचा खरा कस येथेच लागतो.

गोवा मेडिकल कॉलेजातील हिवतापाच्या रुग्णांचे रक्त अशा पट्ट्यांवर तपासले गेले. आयआयटी मुंबईच्या प्रा. स्वाती पाटणकर व प्रा. संजीव श्रीवास्तव यांचा सहभाग असलेला तो शोधनिबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. परजीवीच्या दोन जातींची मिळून सुमारे हजार प्रथिने त्या पट्ट्यांवर होती. मात्र उजळलेला ठिपका आजच्या तापाचाच असेल असे नाही. मागे येऊन गेलेल्या तापाची प्रतिपिंडेही रक्तात उरलेली असू शकतात.