मुलांची कमाई व मुलांचे खेळणे

जत्रेतील एखादे खेळणे मुलाच्या मनात भरले म्हणजे आईबाप बहुधा दोहोंपैकी एक करितात. ते लागलेच घेऊन देतात, नाही तर रागावून मुलास पुढे ओढीत नेतात. परंतु तिसराही एक मार्ग आहे. मुलाने घरी थोडे अधिक काम करावे व आपल्या कमाईने ते खेळणे घ्यावे. आजच्या पाठात आपण ह्याच मार्गाचा विचार करू.

अमेरिकेतील प्रसिद्ध मुत्सद्दी बेंजामिन फ्रँक्लिन ह्यांनी १७७९ साली फ्रान्समधून लिहिलेल्या एका पत्रात आपल्या बाळपणची हकीकत दिली आहे. ते सात वर्षांचे असता सणाच्या दिवशी स्नेह्यांनी त्यांचा खिसा तांब्याच्या नाण्यांनी भरिला. वाटेत दुसऱ्या मुलाच्या हातातील शिटी पाहून ते भुलले, व तशी एक शिटी घेण्यासाठी जवळचे सर्व पैसे देऊन बसले. घरी भावंडांनी सांगितले की, तू चौपट किंमत दिलीस. तेव्हा त्यांस रडू कोसळले. शिटीच्या आनंदाहून खंतच मोठी झाली. ती नाणी श्रमाची असती, तर मूठ इतक्या सहज उघडली नसती असे आम्हांस वाटते.

तर आईबापांनी चार गोष्टी ध्यानात धराव्या.

पहिली : आपले अंथरूण उचलणे, आपले ताट घासणे हा घरातील प्रत्येकाचा वाटा आहे, त्यास मोल नसावे. आई भाकरी थापण्याचे दाम मागत नाही. परंतु शेंगा फोडणे, परसातील तण काढणे असे नेमाबाहेरचे काम सांगितल्यास मोल आधी ठरवावे. समजा, खेळणे १२० रुपयांचे आहे व आठवड्यास १५ रुपये मिळतात. तर मुलास आठ आठवडे थांबावे लागेल. तेवढ्यात ते हिशेब शिकते, धीर धरण्यास शिकते, आणि कधी कधी ते खेळणे आपणास नकोच होते हेही त्यास कळून येते.

दुसरी : मुलाच्या कामास पैसा व मुलीच्या त्याच कामास केवळ शाबासकी, असा भेद करू नये. तो मुलीच्या मनास लागतो, आणि मुलासही बिघडवितो.

तिसरी : ठरलेले मोल त्याच सांजेस द्यावे. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, अशी अनुवादाच्या २४ व्या अध्यायात आज्ञा आहे. आपले लेकरू तिच्याबाहेर कसे? पुष्कळ घरी मुलाच्या डब्यातील पैसा मीठमिरचीसाठी न विचारता उचलला जातो. अडचण खरी असते; तरी तो मुलाजवळ मागून घ्यावा व ठरल्या दिवशी परत करावा. नाही तर मूल एवढेच शिकेल की, दुबळ्याची कमाई बळवंताची.

चौथी : अभ्यास व खेळ बुडवून काम नको. १९८६ चा बालकामगारविषयक कायदा २०१६ साली सुधारण्यात आला. त्याप्रमाणे चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवणे गुन्हा आहे. घरच्यांस मदत करावयाची ती शाळा सुटल्यावर किंवा सुटीत, व तीही धोक्याच्या कामात नव्हे.

विचारासाठी प्रश्न : १. आपल्या घरी कोणते काम वाट्याचे व कोणते मोलाचे? २. मुलाच्या डब्यातून घेतलेले काही देणे राहिले आहे काय? ३. ते केव्हा फेडाल?