ट्रॅक्टरच्या इंजिनास सुपरचार्जर : लाभ की हानी?

जामनेर तालुक्यातील भारी काळ्या जमिनीत खोल नांगरट करताना ट्रॅक्टरची शक्ती अपुरी वाटते व साध्या इंजिनास सुपरचार्जर जोडण्याचा मोह होतो. हे यंत्र सिलिंडरमध्ये हवा दाबून भरते. दर चौरस सेंटीमीटरला अर्धा किलो जादा दाब दिल्यास हवा सव्वापट ते दीडपट भरते. तितके अधिक डिझेल जळून शक्ती वाढते. परंतु दाब व उष्णताही वाढते. मूळ पिस्टन, बेअरिंग व रेडिएटर त्या भारासाठी घडविलेले नसतात. परिणामी हेड गॅस्केट फुटते, पिस्टन वितळतो आणि ऐन हंगामात काम थांबते. त्याऐवजी एअर क्लीनर स्वच्छ ठेवावा, नांगराचा फाळ धारदार करावा, आणि पीक निघताच जमीन कडक होण्यापूर्वी वापशावर नांगरावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे शेतकरी बंधूंस समजावून द्यावे.