शीवपासून समुद्रापर्यंत

शीव म्हणजे हद्द. उर्दूत आपण तिला सरहद म्हणतो. कोळीवाडा म्हणजे मासेमारी करणाऱ्या कोळ्यांची वस्ती. पण आज शीव कोळीवाड्यात गेलात, तर समुद्र दिसत नाही. दिसतात रस्ते आणि इमारती. 'कोळंबी कोळीवाडा' हा पदार्थ याच वस्तीचा; तो प्रसिद्ध केला मात्र फाळणीनंतर इथे आलेल्या पंजाबी लोकांनी! मग कोळ्यांचे पाणी गेले कुठे? चला, पायी शोधू.

आधी शीवच्या किल्ल्यावर चढा. स्टेशनच्या पूर्वेला, नेहरू उद्यानातल्या टेकडीवर तो आहे. इंग्रजांनी तो १६६९ ते १६७७ या काळात बांधला. तेव्हा मुंबई इंग्रजांची, समोरची साष्टी पोर्तुगिजांची आणि मध्ये खाडी. म्हणून हे ठिकाण शीव. पुढे खाडीवर रस्ता झाला, भराव पडत गेला आणि पाणी वस्तीपासून दूर गेले.

आता पश्चिमेकडे वळा. धारावीत, मिठी नदीजवळ, १७३७ सालचा काळा किल्ला आहे. त्याच खाडीच्या मुखाशी माहीमचा किल्ला. तिन्ही किल्ले एकाच पाण्यावर पहारा देत होते. माहीमला सूफी संत मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आहे. त्यांचे निधन १४३१ मध्ये झाले. त्यांनी कुरआनावर अरबीत तफसीर लिहिली.

दर्ग्यापासून थोडे चाललात, की समुद्र! कोळ्यांच्या होड्या, ओली वाळू, खारा वारा आणि समोर २००९ मध्ये सुरू झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू.

पण थांबा. वाळूवर उतरण्याआधी भरतीची वेळ विचारा. उर्दूतले मद्द आणि जज़्र म्हणजेच मराठीतली भरती आणि ओहोटी. दिवसातून दोनदा पाणी चढते, दोनदा उतरते. ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे जाते. अमावस्या आणि पौर्णिमेच्या सुमारास पाणी खूप चढते. ते उधाण. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास कमी चढते. तो भांग. कोळी हे तिथीवरून ओळखतात. तुम्हांलाही जमेल, कारण हिजरी महिनाही चंद्रावरच चालतो. चांद दिसला, की उधाणाचे दिवस. चौदा-पंधरा तारखेला पुन्हा उधाण. सात-आठ तारखेला भांग. म्हणजे रमजान ईद उधाणाच्या दिवसांतच येते! पावसाळ्यातल्या उधाणात तर लाटा भिंतीवर आदळतात. त्या दिवशी खाली उतरूच नका.

ओहोटी लागली असेल, तर वाळूवरून दक्षिणेकडे, दादर चौपाटीच्या दिशेने चालू लागा. समुद्र उजव्या हाताला राहील. वाटेत सांडपाण्याचे नाले लागतात. तिथे वर रस्त्यावर यावे. चैत्यभूमीजवळ चालणे संपवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर १९५६ मध्ये इथेच अंत्यसंस्कार झाले. तिथून दादर स्टेशन चालत अर्ध्या तासावर आहे.