धरशील ना?

मॉन्ट्रियलला राहायला आल्यापासून समकालीन सर्कस बघायचा नाद लागला. इथली राष्ट्रीय सर्कस शाळा १९८१ पासूनची, आणि २००४ पासून खास सर्कशीसाठी बांधलेलं ‘तोहू’ हे गोल नाट्यगृहही आहे. या खेळांत वाघ-सिंह नसतात. माणसं असतात, आणि त्यांची हाव, ओढ, भीती. बघता बघता काही गोष्टी उमगल्या.

१. कोलांट्या मोजू नका, त्यांच्या आधीचा क्षण बघा. वरचा कलाकार खालच्याच्या तळहातावर पाय ठेवणार असतो, तेव्हा दोघांची नजरानजर होते. लहानपणी तंबूत पाहिलेल्या सर्कशीत हा क्षण बँडच्या आवाजात बुडून जायचा. इथे दिग्दर्शक तो मुद्दाम लांबवतो. येऊ का? धरशील ना? सोडणार नाहीस ना? सगळं त्या नजरेत असतं. आपल्याला जे हवं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हातात असतं, हे मला कुठल्याही संवादापेक्षा तिथे जास्त कळलं. झुल्यावरून झेपावणारी बाई हात पुढे करते, तेव्हा तिच्या मागे परतीची वाट उरलेली नसते. प्रेमात पडलेल्या माणसाचंही तसंच.

२. मनाचं दुखणं शरीर जास्त खरेपणाने सांगतं. ‘सेव्हन फिंगर्स’ ही इथलीच मंडळी, २००२ साली स्थापन झालेली. त्यांनी २०१० मध्ये ‘साय’ हा प्रयोग रंगमंचावर आणला. दिग्दर्शन शाना कॅरोल यांचं. निद्रानाश, संशय, व्यसन, घराबाहेर पडायची धास्ती, अशी दुखणी घेऊन जगणारी त्यातली पात्रं. नाटकातल्या नटाला घाबरल्याचा अभिनय करावा लागतो. उंचावर लटकलेल्या कलाकाराला तोल मात्र खराच सांभाळावा लागतो, म्हणून त्याची धास्ती आपल्या पोटात उतरते.

३. साधं उभं राहणं हीसुद्धा कसरत असते. फ्रान्सच्या योआन बुर्जवा यांच्या २०१४ च्या प्रयोगात सहा माणसं एका मोठ्या लाकडी फलाटावर उभी असतात. फलाट गरगरतो, कलतो, झोके घेतो. जवळ येऊ पाहणाऱ्यांना तोच दूर फेकतो आणि दूर जाणाऱ्यांना एकमेकांवर आदळवतो. मला हा प्रयोग सगळ्यांत थोर वाटतो, कारण त्यात कुणी काही करून दाखवत नाही. सगळे फक्त टिकून राहू पाहतात.

४. निवेदन जितकं कमी तितकं चांगलं. मनातलं बोलून दाखवलं की उडी नुसती सजावट होते.

५. यातलं बरंच आपल्याकडे आहे. १८८० मध्ये मुंबईत ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी करणारे विष्णुपंत छत्रे मराठीच होते. इथे उभ्या खांबावर पायांच्या पकडीने उलटा थांबलेला कलाकार पाहिला की मल्लखांब आठवतोच. दोरीचा मल्लखांब तर इथल्या लोंबत्या दोराच्या कामाचा सख्खा भाऊ शोभेल. आपली मुलं ही पकड लहान वयात कमावतात, पण ती बहुतेक स्पर्धेतल्या गुणांसाठी आणि प्रात्यक्षिकांसाठीच वापरली जाते. त्या दोरीवर एखादी विरहिणी, एखादा संशयाने पोखरलेला नवरा का चढू नये? मराठी दिग्दर्शकांनो, तुमच्या पुढच्या नाटकाच्या तालमीला एखाद्या मल्लखांबपटूला बोलवा आणि त्याला पहिल्या दिवसापासून पात्र द्या.